पणजोबांचा बाप्तिस्मा शोधायचाय? अर्जाआधी फिर्गज ठरवा

पणजीच्या पुराभिलेख खात्यात जाऊन ‘आमच्या घराण्याची माहिती हवी’ एवढंच सांगितलं, तर हात हलवत परत यावं लागतं. चर्चच्या जुन्या वह्या आडनावाने लावलेल्या नाहीत, फिर्गजीप्रमाणे (म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीप्रमाणे) लावलेल्या आहेत. म्हणून अर्जात आधी फिर्गज हवी, मग साल (दहा वर्षांचा टप्पा दिला तरी शोध सुरू होतो) आणि मग आईबापांची नावं. एकाच गावात एकाच काळात दोन-तीन ‘कायतान फर्नांडिस’ सापडतात. आईचं नाव आणि वाडा (गावातली वस्ती) माहीत असेल तरच आपला कोणता ते कळतं.

गोव्यात जन्माची सरकारी नोंदणी १९१४ साली सुरू झाली. त्यानंतरचा जन्म असेल तर आधी तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे विचारा. त्याआधी बाप्तिस्म्याची नोंद हाच दाखला होता.

अर्जदार ख्रिस्तीच असला पाहिजे असं नाही. प्रमाणित नक्कल हवी असेल तर ओळखपत्रासोबत स्वतःचा, वडिलांचा आणि आजोबांचा जन्मदाखला जवळ ठेवा. पिढ्यांची साखळी कागदावर दिसली की काम अर्धं झालं. अभ्यासासाठी जाणाऱ्यांनी संस्थेचं पत्र न्यावं, परदेशी नागरिकांनी पासपोर्टही. शुल्क खिडकीवरच विचारा, ऐकीव आकड्यावर जाऊ नका.

गावाच्या चर्चचा इतिहास लिहायचा असेल तर मात्र तालुका पाहावा लागतो. बार्देश तालुका फ्रान्सिस्कनांकडे होता, साष्टी जेझुइटांकडे; हे दोन्ही ख्रिस्ती धर्मगुरूंचे संघ. १७५९ मध्ये जेझुइटांना हाकललं, १८३५ मध्ये बाकीचे मठही बंद झाले, आणि त्यांचे बरेच कागद सरकारजमा झाले. त्यामुळे धर्मसंस्थेचा इतिहास सरकारी कपाटात सापडतो. पणजीचं हे सरकारी दफ्तर १५९५ पासूनचं, पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोतु त्याचा पहिला रखवालदार. साष्टीवाल्यांनी पर्वरीचं जेझुइटांचं झेवियर इतिहास संशोधन केंद्रही पाहावं. पणजीतल्या आल्तिनो टेकडीवरचं आर्चबिशपांचं दफ्तर चर्चचं स्वतःचं आहे. तिथे सरकारी अर्ज चालत नाही, वेगळी लेखी परवानगी मागावी लागते.

पेडणे, सत्तरी, डिचोली हा मुलूख पोर्तुगीजांकडे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. तिथल्या गावासाठी सतराव्या शतकातली वही मागू नका.

नक्कल पोर्तुगीजमध्ये मिळेल. जुन्या कारकुनांनी फ्रान्सिस्कू हे नाव चार-पाच अक्षरांत आटपलेलं असतं. भाषांतर करून घेताना पानाच्या समासातला मजकूरही वाचायला सांगा. पुढे झालेल्या लग्नाची टीप कधीकधी तिथेच असते.