वस्तरा, निसणा आणि अर्धा मायक्रॉन

पुण्याच्या जुन्या बाजारात बंद घड्याळं आणि गंजक्या पान्यांच्या ढिगात मला एक वस्तरा सापडला. पात्याच्या मुळाशी ‘झोलिंगेन’ कोरलेलं. चाकू-सुऱ्यांसाठी नावाजलेलं हे जर्मन शहर. त्याचं नाव बाहेरच्या मालावर टाकायला तिकडे १९३८ पासून कायद्याने मनाई आहे, म्हणजे नाव खरं असेल तर पोलाद चांगलं. घासाघीस करून घेतला, घरी आणला आणि स्वयंपाकघरातल्या सुरीच्या दगडावर तासभर घासला. दुसऱ्या दिवशी गालावर टेकवला तेव्हा त्याने केस कापले नाहीत, उपटले.

तासभर मेहनत करून धार गेली कुठे, या प्रश्नापासून माझं शिक्षण सुरू झालं.

धार म्हणून वेगळी वस्तू नसतेच. पात्याच्या दोन बाजूंना दोन उतार असतात आणि ते जिथे मिळतात त्या रेषेला आपण धार म्हणतो. उतार नीट मिळाले नाहीत तर मधे एक बोथट माथा राहतो. दाढीचा केस साधारण १०० मायक्रॉन जाड असतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). नीट लावलेल्या वस्तऱ्याचा माथा अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे केसाच्या दोनशेव्या हिश्शाएवढा. हाताचा जोर तोच, पण तो इतक्या अरुंद जागी एकवटला की केसाला वाकायला सवडच मिळत नाही. माझ्या वस्तऱ्याचे उतार एकमेकांना भेटलेलेच नव्हते.

का, ते पट्टी घेऊन मोजल्यावर कळलं. पातं १९ मिलिमीटर रुंद, पाठ साडेपाच मिलिमीटर जाड. वस्तरा निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, पूर्ण आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात आणि कोन आपोआप ठरतो. शाळेतली त्रिकोणमिती वापरली तर तो साडेसोळा अंशांचा निघतो. स्वयंपाकाच्या सुरीला तीस-चाळीस अंशांचा कोन असतो आणि तो हाताने सांभाळावा लागतो. मी वस्तऱ्यालाही सुरीसारखीच पाठ उचलून घासत होतो! वस्तरा घडवणाऱ्याने कोन पाठीतच घालून दिलेला, आणि मी त्याच्यावर कुरघोडी करायला निघालेलो. यातली खरी गंमत म्हणजे धारेबरोबर पाठही झिजते, त्यामुळे वर्षानुवर्षं लावत राहिलं तरी कोन जवळपास तोच राहतो. काही जण पाठ घासू नये म्हणून तिच्यावर वायरमनची काळी चिकटपट्टी लावतात. पट्टीचा एक थर दोन्ही बाजूंचा मिळून पाठ सुमारे ०.३ मिलिमीटरने जाड करतो आणि कोन जेमतेम एक अंशाने वाढवतो. चालतं. फक्त एकदा पट्टी लावली की दरवेळी लावायची.

सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडे द्यावा, असं शेजारच्या काकांनी सुचवलं होतं. विळी आणि कात्रीसाठी तो उत्तम, वस्तऱ्यासाठी नाही. पोलाद तापवून, झटक्यात थंड करून कडक केलेलं असतं आणि मग साधारण २०० अंश सेल्सियसच्या आसपास हलकं तापवून त्याचा ठिसूळपणा घालवलेला असतो. फिरत्या चाकावर कागदाहून पातळ कड क्षणात त्याच्या वर तापू शकते. कडेवर निळी झाक दिसली की तिथलं तापमान ३०० च्या घरात गेलं होतं आणि तेवढं पोलाद मऊ पडलं, असं समजावं.

मी १०००, ४००० आणि ८००० नंबरचे तीन दगड घेतले. जपानी मोजणीत नंबर जितका मोठा तितके कण बारीक. १००० मधले कण बारा-पंधरा मायक्रॉनचे, ८००० मधले एक-दोन. नवशिक्याला वाटतं की जादू ८००० मध्ये असते. तसं नाही. सगळं काम १००० वर होतं, कारण उतार तिथे भेटतात. पुढचे दगड फक्त आधीच्या दगडाचे ओरखडे बारीक करत नेतात. १००० वर जे राहिलं ते ८००० वर जन्मभर घासलं तरी येत नाही.

उतार भेटले की नाही हे कसं ओळखायचं? धारेलगत काळं मार्कर फासायचं आणि दगडावर तीन-चार हात मारायचे. माझ्या पात्यावर टोकाकडची बोटभर शाई जशीच्या तशी राहिली, कारण तिथे दगड पोचतच नव्हता. आधी पात्यावर संशय घेतला, पण दोषी निघाला दगड, मधे खोलगट झालेला. काचेवर ओला पॉलिशपेपर ठेवून, दगडावर पेन्सिलीने चौकटी आखून, सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत तो घासला तेव्हा शाई गेली.

हात मारताना धार पुढे, पाठ मागे. पातं दगडाच्या रुंदीपेक्षा लांब, म्हणून मुळाकडून टोकाकडे तिरकं ओढत न्यायचं. उलटवायचं ते पाठीवरून, धारेवरून कधीच नाही. आणि जोर? वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनापेक्षा किंचित जास्त, बस. पातळ पातं दाबलं की लवतं आणि कड दगडावरून उचलली जाते. दगडावर पाणी असतंच. काम जमू लागलं की धारेपुढे पाण्याची एक बारीक लाट सरकते आणि सगळ्या लांबीभर सारखी पात्यावर चढते. ती पहिल्यांदा दिसली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि बघायला जागं कोणी नव्हतं.

दगडांच्या नादात माणूस वाहवतो. बेल्जियमच्या आर्देन भागात व्हिएलसाल्मजवळ मिळणाऱ्या पिवळसर दगडात गार्नेटचे, म्हणजे आपल्या तामड्याचे, बारीक स्फटिक असतात. ते पाच ते वीस मायक्रॉनचे, म्हणजे ८००० च्या मानाने भरड. तरीही तो दगड वस्तऱ्यासाठी नावाजलेला आहे. बारा बाजूंचे हे स्फटिक बोथट कोनांचे असल्यामुळे खोल रुतत नाहीत, उथळ खरवडतात. किंमत ऐकून मी दुरूनच नमस्कार केला.

शेवटी चामड्याचा पट्टा. इथे दिशा उलटी, पाठ पुढे, नाहीतर चामडंच कापलं जातं. पट्टा ताणून धरायचा. सैल सोडला तर तो धारेभोवती वळतो आणि तिचा माथा गोल करतो. जॉन व्हेर्होवेन या अमेरिकन धातुशास्त्रज्ञाने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धारा तपासल्या, तेव्हा कोऱ्या चामड्याने फारसा फरक दिसला नाही. क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पूड लावलेल्या चामड्याने दिसला. माझ्या गालाचं मत मात्र कोऱ्या पट्ट्याच्या बाजूने आहे.

मुळात केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ, मग धार जातेच कशी? २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी साध्या ब्लेडने केस कापताना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. धार हळूहळू गोल होत जाते हा समज अपुरा निघाला, कारण तिचे बारीक टवके उडत होते. केस वाकून धारेवर तिरका पडला आणि नेमक्या त्या जागी पोलादाची घडण असमान असली, की टवका उडतो.

म्हणून केस आधी भिजवायचा. तो स्वतःच्या वजनाच्या ३० टक्क्यांच्या आसपास पाणी पितो, फुगतो आणि बराच कमी जोरात कापला जातो. बिनपाण्याने हजामत केली की चेहऱ्याबरोबर वस्तऱ्याचीही होते.

आता मी आठवड्यातून दोनदा त्याच वस्तऱ्याने दाढी करतो. उजव्या हाताने उजवा गाल जमतो. डाव्या गालासाठी हात बदलावा लागतो, आणि हनुवटीच्या खळीशी अजून साधं रेझरच वापरतो. टोकाजवळ एक टवका उडालाय. भिंगातून दिसतो. रविवारी ४००० चा दगड भिजत घालणार आहे.