काळ्या गाईला तांबडं वासरू

मागच्या पावसात आमच्या खानापूरकडच्या गावात काकांनी डॉक्टर बोलावून एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, जास्त दुधाची विलायती जात) गाय इंजेक्शननं भरवली, उन्हाळ्यात ती व्याली आणि कालवड निघाली तांबडी-पांढरी. गाय काळी-बांडी, वळूचा फोटो बघितलेला तोपण काळा-बांडा, मग तांबडा रंग आला कुठनं? झालं, सगळे म्हणायला लागले डॉक्टरनी सिमेन (वळूचं वीर्य) बदललं. मला खरंच वाईट वाटलं, भर पावसात चिखल तुडवत आलेल्या माणसावर उगाच आळ, कारण ही कालवड त्याच वळूची असू शकते.

जनावरांच्या केसात मूळ रंग दोनच असतात बघा, एक काळा-तपकिरी युमेलॅनिन आणि दुसरा तांबडा-पिवळा फिओमेलॅनिन. कातडीतल्या रंग करणाऱ्या पेशींवर एमसीवनआर नावाचं एक बटण असतंय, ते चालू झालं की काळा रंग तयार होतो, बंद राहिलं की तांबडा. काळ्या एचएफमध्ये हे बटण कायम चालूच अडकलेलं असतंय, आणि तांबड्यात त्या जीनमधलं एकच अक्षर गळालेलं असतं, तेवढ्यानं पुढचा सगळा मजकूर बिघडतो आणि बटण कामच करत नाही. हे 1995 साली नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं.

आता खरी गंमत. प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडनं एक बापाकडनं, आणि काळ्याची एक जरी असली तरी जनावर काळंच दिसतं. म्हणजे बिघडलेली प्रत काळ्या गाईत पिढ्यान् पिढ्या गुपचूप बसू शकते, दिसायचीच नाही. गाय आणि वळू दोघांतही ती असली तर वासरू तांबडं व्हायची शक्यता चारात एक. चारात एक म्हणजे तीन काळी झाली की चौथं तांबडं असं नव्हे हां, दर वेताला चिठ्ठी नव्यानं निघते. वळूच्या माहितीत कधीकधी रेड कॅरियर लिहिलेलं असतं ते हेच, विचारून घ्यावं.

पांढऱ्या डागांचं प्रकरण वेगळंच. गर्भात रंगाच्या पेशी पाठीकडनं निघून अंगभर पसरत जातात, बांड्या जनावरात त्या सगळीकडं पोचत नाहीत, म्हणून पोट, पाय, कपाळ असल्या लांबच्या जागा पांढऱ्या राहतात. डाग नेमके कुठं पडणार यात योगायोगाचा भाग असतो, म्हणून क्लोन केलेल्या गाईंचेपण डाग हुबेहूब जुळत नाहीत.

आणि आपल्या खिलारचं बघितलाय काय? वासराच्या डोक्यावर तांबूस झाक असते, दोन-तीन महिन्यात जाते, जीन तोच पण वयाप्रमाणं त्याचं काम बदलतंय.

मांजरांचं गणित आणखी निराळं. तिरंगी मांजरी जवळजवळ सगळ्या माद्याच असतात, कारण त्यांचा तांबडा जीन एक्स क्रोमोसोमवर आहे आणि मादीत दोन एक्स असतात, त्यातला कुठल्या पेशीत कुठला बंद पडेल तसे काळे-तांबडे ठिपके उठतात. नेमका जीन कुठला हे 2025 मध्ये छापून आलं, इतकी वर्षं लागली.

तर काकूनं कालवडीला तांबू म्हणायला सुरुवात केलीय, शेजारचे कन्नड अज्जा केंपी म्हणतात. उद्या तिला अस्सल काळ्या, म्हणजे आत तांबडं न लपवलेल्या वळूचं सिमेन दिलं, तर तिची सगळी वासरं काळी होतील, आणि त्या प्रत्येकात तिच्या तांबड्याची एक प्रत असणारच.