संक्रमण अर्थव्यवस्थांच्या सेवाक्षेत्रातील थेट परकीय गुंतवणूक

केंद्रीय नियोजन सोडून बाजारव्यवस्थेकडे वळलेल्या देशांत बँका, विमा, दूरसंचार, किरकोळ व्यापार अशा सेवाउद्योगांची मालकी मिळवण्यासाठी किंवा त्यांच्या कारभारावर प्रभाव राखण्यासाठी परदेशी कंपन्यांनी घातलेले भांडवल. मताधिकार असलेल्या भागभांडवलापैकी किमान १० टक्के हाती असल्यास गुंतवणूक ‘थेट’ धरली जाते. या प्रक्रियेचा सर्वांत बोलका इतिहास १९८९ नंतरच्या मध्य व पूर्व युरोपात सापडतो.

समाजवादी हिशेबपद्धतीत मालवाहतूक, व्यापार वगैरे वगळता बहुतेक सेवा ‘अनुत्पादक’ ठरत आणि राष्ट्रीय उत्पन्नात त्यांची गणतीच होत नसे. जे मोजायचे नाही त्यावर खर्च तरी कोण करणार? हंगेरीत घरी टेलिफोन येण्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. कर्जवाटप मध्यवर्ती बँकेकडेच असे. व्यापारी बँका तिच्यापासून वेगळ्या काढण्याचे काम हंगेरीने १९८७ मध्ये, पोलंडने १९८९ मध्ये आणि चेकोस्लोव्हाकियाने १९९० मध्ये केले. नव्या बँकांच्या वाट्याला सरकारी कारखान्यांची जुनी, बुडीत कर्जे आली.

यंत्रे आयात करता येतात. बँकेची शाखा किंवा टेलिफोनचे जाळे मात्र देशातच उभारावे लागते. म्हणून या क्षेत्रात परदेशी कंपनीचा प्रवेश बहुधा चालू सरकारी संस्था विकत घेऊन झाला, आणि विक्री केव्हा व कोणाला करायची हा राजकीय प्रश्न बनला. परकीय कर्जाच्या ओझ्याखाली असलेल्या हंगेरीने लवकर विक्री केली. १९९३ अखेर माताव या सरकारी टेलिफोन कंपनीचा सुमारे ३० टक्के हिस्सा जर्मनीची डॉइश टेलिकॉम व अमेरिकेची अमेरिटेक यांच्या गटाने ८७.५ कोटी डॉलरना घेतला. १९९४ मध्ये एमकेबी बँक जर्मनीच्या बायरिशे लांडेसबँकेकडे आणि १९९५ मध्ये बुडापेस्ट बँक अमेरिकेच्या जीई कॅपिटलकडे गेली. चेक प्रजासत्ताकाने कुपनांद्वारे कारखान्यांचे भाग नागरिकांत वाटले, पण मोठ्या बँकांवरची सरकारी पकड सोडली नाही. बँका ओळखीच्या कारखान्यांना कर्जे देत राहिल्या आणि ती थकत गेली. पुढे १९९९ ते २००१ या काळात चेकोस्लोव्हेन्स्का ओब्खोद्नी बँका बेल्जियमच्या केबीसीला, चेस्का स्पोर्झितेल्ना ऑस्ट्रियाच्या एर्स्टेला व कोमेर्च्नी बँका फ्रान्सच्या सोसिएते जेनेरालला विकण्यात आली. विक्रीपूर्वी बुडीत कर्जांचा भार करदात्यांवर पडला तो पडलाच. उशिराची ही किंमत लवकर विकण्याच्या तोट्यापेक्षा मोठी होती, असे म्हणण्यास आधार आहे.

लाभ सेवाक्षेत्रापुरते राहिले नाहीत. येन्स आर्नोल्ड, बेआता यावोर्चिक व आदित्य मट्टू या अर्थतज्ज्ञांनी १९९८ ते २००३ या काळातील चेक कंपन्यांची माहिती तपासली, तेव्हा सेवाक्षेत्र परदेशी कंपन्यांना खुले होणे आणि त्या सेवा वापरणाऱ्या कारखान्यांची उत्पादकता वाढणे यांत संबंध आढळला. हे अपेक्षितच होते: वेळेवर मिळणारे कर्ज आणि चालू असलेला फोन प्रत्येक कारखान्याला लागतो. पुढे क्राकुव्ह, प्राग, बुडापेस्ट येथे परदेशी कंपन्यांची हिशेब व संगणक सेवाकेंद्रे उभी राहिली. ही गुंतवणूक वेगळ्या जातीची: तिचा ग्राहक देशाबाहेर असतो.

परावलंबनाची बाजू २००८ च्या जागतिक आर्थिक संकटात उघडी पडली. एस्टोनियात तर बँकिंग जवळजवळ पूर्णपणे नॉर्डिक बँकांच्या हाती होते. परदेशातील मालक बँका एकाच वेळी पैसा मागे घेतील या भीतीपोटी जानेवारी २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय वित्तसंस्था, सरकारे व बँका यांनी मिळून ‘व्हिएन्ना पुढाकार’ सुरू केला. हंगेरीत कमी व्याजामुळे लाखो कुटुंबांनी स्विस फ्रँकमध्ये गृहकर्जे घेतली होती. फोरिंट हे हंगेरीचे चलन घसरताच हप्ते फुगले. अखेर २०१४ मध्ये कायदा करून ही कर्जे फोरिंटमध्ये बदलण्याचे ठरले. दोष केवळ परदेशी बँकांचा नव्हे. देशी बँकाही अशी कर्जे देत होत्या.

त्यानंतर मालकीचा ओघ काही ठिकाणी उलटा फिरला. हंगेरी सरकारने २०१४ मध्ये एमकेबी आणि २०१५ मध्ये बुडापेस्ट बँक परत विकत घेतली. पोलंडमध्ये १९९९ पासून युनिक्रेडिटकडे असलेल्या पेकाओ बँकेचा सुमारे एकतृतीयांश हिस्सा २०१७ मध्ये राज्याचे नियंत्रण असलेली विमा कंपनी पीझेडयू व सरकारी विकास निधी यांनी मिळून घेतला.