गोव्हनच्या थडग्यांवरची गुंफण: वेणी आधी की जाळी?

ग्लासगोत क्लाइड नदीकाठच्या गोव्हन चर्चमध्ये ९व्या ते ११व्या शतकांतली ३१ दगडी शिल्पे आहेत. ८७० मध्ये व्हायकिंगांनी डम्बार्टनचा गड घेतल्यावर स्ट्रॅथक्लाइड या तिथल्या जुन्या राज्याचे केंद्र इकडे सरकले, असे मानतात. शिल्पांत थडग्यावर आडव्या घालायच्या शिळाच जास्त: मधोमध क्रूस, भोवती गुंफणीच्या, म्हणजे एकमेकांच्या वरून-खालून जाणाऱ्या पट्ट्यांच्या नक्षीच्या, चौकटी.

वाद आहे तो गुंफण आखली कशी याचा. १९०३ मध्ये गाजलेली मांडणी अशी: आधी साधी वेणी, मग हव्या त्या जागी तिची फुली (दोन पट्टे एकमेकांना ओलांडतात ती जागा) तोडून सुटलेली टोके शेजाऱ्याला जोडायची. तोड उभी की आडवी, यावर गाठ ठरते. भूमिती म्हणून रीत चोख आहे. पण तिने कुठलीही नक्षी सोडवता येते, आणि म्हणूनच पाथरवटाने तसेच केले हे तिने सिद्ध होत नाही. ठिपक्यांच्या रांगोळीसारखी आधी जाळी मांडून ठिपक्यांना वळसे घातले, तरी शेवट तोच. आखणीच्या रेषा टाकीखाली निघून जातात. उरतात त्या चुका.

साध्या वेणीत दोन्ही बाजूंच्या ठिपक्यांच्या संख्यांचा मसावि असेल तितके बंद पट्टे होतात. ३ बाय ४ मध्ये एकच पट्टा सगळीकडे फिरून येतो, ४ बाय ६ मध्ये दोन. वर-खाली क्रम मात्र कितीही तोडी केल्या तरी जुळवता येतोच. तेव्हा पट्टा लागोपाठ दोनदा वरून गेला, तर आखणीला दोष देऊ नये. कोरणाऱ्याचे लक्ष सुटले. शेवटच्या गाठी मात्र दाटीवाटीने कोंबलेल्या दिसल्या, तर माप आधी विभागलेच नव्हते, एका टोकाकडून रेटत नेले. जाळीवाल्यांना हेच जड जाते. अर्थात झिजलेल्या वालुकाश्मावर खालच्या पट्ट्याची कड कुठे थांबते ते आधी तिरप्या उजेडात पाहावे, मगच चूक म्हणावे.

१७व्या ते १९व्या शतकांत याच शिळा नव्या थडग्यांवर गेल्या, गुंफणीवर आद्याक्षरे कोरली गेली. याला नासधूस म्हणतात, पण वापरात राहिल्या म्हणून शिळा टिकल्या, हेही खरे. १८५५ मध्ये थडगे खणताना कोरीव दगडी शवपेटी सापडली. १९२६ मध्ये दगड चर्चच्या आत आणले. बाहेर राहिलेले काही १९७३ मध्ये शेजारच्या जहाज कारखान्याची इमारत पाडताना गेले, असे धरून चालले होते. २०१९ च्या उत्खननात त्यांतले तीन मिळाले.