आच निसटते कुठून?

घणसोलीला मावशीच्या घरामागे अजून मातीची चूल आहे. लाकडं पुढच्या तोंडात जळतात आणि बाजूच्या वैलावर आमटी तासभर रटरटत राहते. वैलाखाली लाकूड नसतंच. चुलीतून आतल्या आत सरकलेली गरम हवा तेवढं काम करते. ऑफसेट स्मोकर, म्हणजे मांस धुरावर सावकाश शिजवायची भट्टी, हा याच वैलाचा लोखंडी भाऊबंद. एका बाजूला आगीची पेटी, तिला जोडून मांस ठेवायचं आडवं पिंप आणि पिंपाच्या पलीकडच्या टोकाला धुराडं. धुराडं हवा ओढतं, तशी ऊब आणि धूर मांसावरून वाहत जातात. पिंपात 110 ते 120 अंश सेल्सिअस तापमान तासन्‌तास टिकवावं लागतं, कारण मांस चिवट करणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाचं मऊ जिलेटिन होतं ते हळूहळूच.

मावसभावाने आणि मी थंडीत असा स्मोकर बनवायला घेतला. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून 3 मिलिमीटरचा पत्रा आणला आणि रबाळ्याला 45 सेंटिमीटरची चौकोनी पेटी वेल्ड करून घेतली. पेटी पेटली, पण लाकूड नुसतं गिळत सुटली. पिंप जेमतेम तापायचं आणि अंगणात मात्र पेटीजवळ उभं राहवत नव्हतं.

याचा हिशेब सोपा आहे. तापलेली वस्तू जी उष्णता किरणांच्या रूपात बाहेर टाकते, ती तिच्या निरपेक्ष (म्हणजे उणे 273 अंशांपासून मोजलेल्या) तापमानाच्या चौथ्या घातानुसार वाढते. 300 अंशांवरची काळी भिंत दर चौरस मीटरमागे सुमारे 5 किलोवॅट उष्णता अशी उधळते. आमच्या पेटीच्या सहा बाजू मिळून 1.2 चौरस मीटर, म्हणजे 6 किलोवॅट गेले. एक किलो सुक्या लाकडात चार ते पाच किलोवॅट-तास ऊर्जा असते. म्हणजे तासाला किलोभराहून जास्त लाकूड आम्ही अंगण तापवायला जाळत होतो! तीच भिंत 80 अंशांवर ठेवली तर हा तोटा सुमारे चौदा पटींनी घटतो.

म्हणून दुसरी पेटी दुहेरी केली. आत एक पेटी, बाहेर एक आणि मधल्या 50 मिलिमीटरच्या फटीत सिरॅमिक वुलचे, म्हणजे आच अडवणाऱ्या लोकरीसारख्या तंतूंचे, दोन थर. (हे वुल कापताना मास्क आणि हातमोजे हवेतच, त्याचे तंतू फुप्फुसात जाता कामा नयेत. आणि गॅल्व्हनाइज्ड पत्रा आगीजवळ अजिबात नको. त्यावरचं जस्त 420 अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याच्या वाफेने ताप भरतो.)

भिंती छान निवल्या. दरवाजाची चौकट मात्र नाही. बाहेरच्या भिंतीवर पाण्याचा थेंब टाकला तर तो हळूहळू सुकायचा, चौकटीवर टाकला की चर्रकन उडून जायचा. दरवाजाभोवती चार बोटं रुंदीचा रंग पांढुरका पडून पापुद्रे सुटले होते. चूक आमच्याच आराखड्यात होती. दोन्ही पेट्या तोंडाशी जोडण्यासाठी आम्ही सलग लोखंडी पट्टी वेल्ड करून घेतली होती.

ही पट्टी केवढी? 3 मिलिमीटर जाड आणि चौफेर 180 सेंटिमीटर लांब, म्हणजे उष्णतेला आतून बाहेर यायला 54 चौरस सेंटिमीटरची वाट. वुलचं क्षेत्रफळ 12,000 चौरस सेंटिमीटर, साधारण 220 पट. पण लोखंडातून उष्णता सिरॅमिक वुलच्या सुमारे 500 पट सहज वाहते. एकूण काय, सहाही भिंतींच्या वुलमधून जेवढी आच झिरपत होती, तिच्या दुपटीहून जास्त त्या एका पट्टीतून निसटत होती. वुलचे आणखी चार थर घातले असते तरी तिला काही फरक पडला नसता.

पट्टीने आणखी एक घोळ घातला होता. आतली पेटी बाहेरचीपेक्षा 400 अंशांनी जास्त तापली तर ती 45 सेंटिमीटरमागे 2 मिलिमीटरहून जास्त फुगते. दोन्ही पेट्या एकमेकींना जखडलेल्या असल्याने फुगायला जागाच नव्हती. एका कोपऱ्यात वेल्डला केसासारखी चीर गेलेली दिसली.

पट्टी ग्राइंडरने कापून काढली आणि दोन्ही दुखणी एकदमच गेली. आतली पेटी आता हलक्या, सच्छिद्र फायर ब्रिकवर (आगीला टिकणाऱ्या विटेवर) नुसती बसते. तोंडाशी उघड्या पडलेल्या फटीत त्याच विटेच्या पट्ट्या बसवल्या. ही वीट साध्या करवतीने पावासारखी कापली जाते. दरवाजाला सिरॅमिक दोरीची किनार दिली.

लाकूड वाचलं याहून मला जास्त आनंद धुराचा झाला. पेटी आतून तापलेली राहिली की लाकडातून निघणारे वायू पूर्ण जळतात आणि धुराड्यातून जेमतेम दिसणारा निळसर धूर निघतो. लाकडाला कणखर करणारं लिग्निन तुटून ग्वायकॉल, सिरिंगॉल ही वासाची रसायनं तयार होतात, धुराचा खमंग वास त्यांचाच. दाट पांढरा धूर मात्र मांस कडवट करतो. त्यामुळे पेटी जास्त तापली म्हणून हवेची झडप बंद करू नये, लाकूड कमी घालावं. मनगटाएवढी सुकी फोड, एका वेळी एकच, आणि हवा मोकळी.

आता पावसाळ्याची काळजी. वुल पाणी पितं आणि एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 0.7 किलोवॅट-तास लागतात, म्हणून बाहेरच्या पत्र्याचे वरचे जोड कौलांसारखे एकावर एक चढवलेत.

पेटी आणि पिंप यांच्यामधल्या धुराच्या वाटेवर मात्र जोड लोखंडाचाच ठेवला आहे. तिथून निसटणारी आच पिंपातच जाते.