अ‍ॅम्लोडिपिन

अ‍ॅम्लोडिपिन : उच्च रक्तदाब आणि अंजायना (हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडल्याने छातीत येणारी कळ) यांवर तोंडाने घेण्याचे औषध. कॅल्शियम चॅनल ब्लॉकर वर्गातील डायहायड्रोपिरिडीन गटात ते मोडते. फायझर कंपनीने विकसित केलेल्या या औषधाला अमेरिकेत १९९२ मध्ये मान्यता मिळाली. आता अनेक कंपन्या ते बनवतात आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश आहे. गोळीत ते बहुधा बेसिलेट या क्षाराच्या रूपात असते.

रोहिण्यांच्या भिंतीत अनैच्छिक स्नायूंचा थर असतो. या स्नायूपेशींत कॅल्शियमचे आयन शिरले की स्नायू आकुंचन पावतो आणि रोहिणी अरुंद होते. आयनांच्या आत येण्याच्या ‘एल’ प्रकारच्या वाटा (चॅनल) अ‍ॅम्लोडिपिन अडवते. त्यामुळे लहान रोहिण्या सैलावतात, रक्तप्रवाहाला होणारा विरोध घटतो आणि दाब उतरतो. रक्तातले किंवा हाडांतले कॅल्शियम मात्र हे औषध कमी करत नाही. म्हणून आहारातले कॅल्शियम तोडण्याचे काहीच कारण नाही. याच वर्गातील व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम हृदयाची गतीही मंदावतात. अ‍ॅम्लोडिपिनचा रोख मुख्यतः रक्तवाहिन्यांवर असतो.

या औषधाचा सर्वांत मोलाचा गुण म्हणजे त्याचा संथपणा. गोळी घेतल्यावर रक्तातील पातळी ६ ते १२ तासांनी शिखर गाठते आणि ती निम्मी व्हायला ३० ते ५० तास लागतात. याच गटातील पूर्वीच्या निफेडिपिन या औषधाच्या झटपट विरघळणाऱ्या कॅप्सूलने दाब एकदम कोसळे आणि हृदय धडधडू लागे. अ‍ॅम्लोडिपिनची दिवसातून एक गोळी पुरते, आणि ती जेवणाआधी घेतली की नंतर, याने फरक पडत नाही. मात्र रोज घेऊनही रक्तातील पातळी स्थिरावायला ७ ते ८ दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी बीपी मोजून ‘गोळी लागू पडत नाही’ असे ठरवणे म्हणूनच चुकीचे आहे. अचानक चढलेला दाब तातडीने उतरवण्यासाठीही हे औषध नाही. उलट, बीपी नॉर्मल आले म्हणून गोळी परस्पर सोडली, तर दाब काही दिवसांत हळूहळू पुन्हा चढतो.

प्रौढांना सहसा रोज ५ मि.ग्रॅ. देतात, कमाल मात्रा १० मि.ग्रॅ. आहे. औषधाचे विघटन यकृतात होत असल्याने यकृताचे विकार असलेल्यांना, तसेच वृद्धांना २.५ मि.ग्रॅ.पासून सुरुवात करतात. मूत्रपिंडाच्या विकारात मात्रा सहसा बदलावी लागत नाही. एका औषधाने भागले नाही तर एसीई इनहिबिटर, एआरबी (हे दोन्ही गट रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या संप्रेरकाला रोखतात) किंवा थायझाइड (लघवी वाढवणाऱ्या) गटातील औषध जोडीला देतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, रक्तदाबाच्या औषधांची तुलना करणाऱ्या ‘ऑलहॅट’ या मोठ्या चाचणीत हृदयविकाराचे झटके व त्यांमुळे होणारे मृत्यू रोखण्यात अ‍ॅम्लोडिपिन, क्लोरथॅलिडोन (थायझाइडसारखे औषध) आणि लिसिनोप्रिल (एसीई इनहिबिटर) साधारण बरोबरीचे ठरले; हृदय निकामी होण्याचे प्रमाण मात्र क्लोरथॅलिडोनपेक्षा अ‍ॅम्लोडिपिनवर जास्त आढळले.

घोट्यांवर येणारी सूज हा नेहमीचा दुष्परिणाम. चाचण्यांत ती ५ मि.ग्रॅ.वर सुमारे ३ टक्के, तर १० मि.ग्रॅ.वर सुमारे ११ टक्के रुग्णांत दिसली. स्त्रियांत ती अधिक आढळते. लहान रोहिण्या रुंदावतात पण नीला तितक्या रुंदावत नाहीत, त्यामुळे केशवाहिन्यांतला दाब वाढून पाणी बाहेर झिरपते. शरीरात जादा पाणी साठलेले नसल्याने लघवी वाढवणाऱ्या गोळीचा इथे फारसा उपयोग होत नाही, तरी ती अनेकदा दिली जाते, ही खेदाची गोष्ट आहे. मात्रा कमी केल्याने किंवा एसीई इनहिबिटर अथवा एआरबी जोडल्याने सूज ओसरते. एकाच पायाला सूज असेल किंवा सोबत धाप लागत असेल, तर गोळीला दोष देऊन न थांबता तपासणी करावी. चेहरा लाल होणे, डोकेदुखी, धडधड हेही होऊ शकते. क्वचित हिरड्या वाढतात.

महारोहिणीची झडप फार अरुंद झाली असल्यास हे औषध जपून देतात. क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकामुळे त्याची रक्तातील पातळी वाढते. सोबत सिम्व्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध चालू असेल तर सिम्व्हास्टॅटिनची मात्रा रोज २० मि.ग्रॅ.पेक्षा जास्त ठेवत नाहीत. अतिमात्रेत दाब धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊन बराच काळ तसाच राहू शकतो. औषध रक्तातील प्रथिनांना घट्ट चिकटत असल्याने डायलिसिसने ते निघत नाही. अशा रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे लागते.