घोड्याच्या हृदयातील मर्मर

इंदूरच्या पागनीसपागा वस्तीच्या नावात पागा अजून टिकून आहे. शहरातील घोडे मात्र आता मुख्यतः लग्नसराईतच नजरेस पडतात. बँड, जनरेटर आणि फटाके यांच्या गोंगाटात नवरदेवाला पाठीवर घेऊन निमूटपणे चालणाऱ्या त्या जनावराच्या हृदयाचा विचार वरातीतील कोणी करत असेल असे वाटत नाही. वास्तविक तो करण्यासारखा आहे, कारण घोड्यांच्या हृदयविकाराची सारी तपासणी अखेर एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते : या घोड्यावर माणसाने बसावे की बसू नये?

साडेचारशे-पाचशे किलो वजनाच्या घोड्याचे हृदय चार ते पाच किलो भरते, म्हणजे शरीराच्या वजनाच्या सुमारे १ टक्का. माणसाच्या बाबतीत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही आत राहते. ऑस्ट्रेलियाच्या मैदानांवर गाजलेला आणि १९३२ मध्ये मेलेला फार लॅप नावाचा शर्यतीचा घोडा होता, त्याचे ६.२ किलोचे हृदय कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवले आहे. एवढे मोठे हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला जेमतेम २८ ते ४० ठोके देते आणि भरधाव दौडीत तेच २२०च्या पुढे जाते. रक्तदाबाचे पहिले प्रसिद्ध मोजमापही घोडीवरच झाले. स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने घोडीच्या धमनीला काचेची उभी नळी जोडली, तेव्हा रक्त आठ फुटांहून अधिक उंच चढले. हा प्रयोग त्याने १७३३ मध्ये प्रसिद्ध केला.

ठोके संथ असल्यामुळे घोड्याचे हृदय ऐकणे सोपे असावे असे वाटेल, पण येथेच पहिली फसगत होते. माणसाच्या हृदयाचे ‘लब-डब’ असे दोन आवाज आपल्या परिचयाचे आहेत. निरोगी घोड्यात तीन, कधी चारही आवाज स्वच्छ ऐकू येतात. शिवाय धष्टपुष्ट, कसलेल्या घोड्याचे हृदय विश्रांतीत अधूनमधून एक ठोका चक्क गाळते. हृदयाला आवर घालणाऱ्या व्हेगस चेतेचा जोर या प्राण्यात इतका असतो, की वरच्या कप्प्याकडून निघालेला विद्युतसंदेश वाटेत अडतो आणि खालचा कप्पा त्या वेळी आकुंचनच पावत नाही. माणसाच्या डॉक्टरला हे ऐकून काळजी वाटेल. अश्ववैद्य घोड्याला पंचवीस-तीस पावले दुडक्या चालीने पळवतो आणि ठोके नियमित झाले की पुढच्या तपासणीकडे वळतो.

मर्मर म्हणजे दोन ठोक्यांच्या मधल्या, एरवी निःशब्द असणाऱ्या वेळात ऐकू येणारा फुसफुसाट, घरघर किंवा गुणगुण. रक्ताचा प्रवाह खळबळून वाहू लागला की तो उमटतो. खळबळीची कारणे मात्र निरनिराळी असतात आणि त्यांतील सगळीच रोगट नसतात. मोठ्या हृदयातून रुंद महाधमनीत एका ठोक्याला सुमारे लिटरभर रक्त जोराने फेकले जाते, तेव्हा झडपा धडधाकट असतानाही हलका आवाज होऊ शकतो. रक्त पातळ झाले तरीही तसेच घडते. आपल्याकडे घोडमाश्यांमार्फत पसरणारा सर्रा हा रोग किंवा गोचिडांमार्फत होणारा बॅबेसिया या रक्तातील परजीवीचा संसर्ग घोड्याला पांडुरोग, म्हणजे रक्तक्षय, जडवतो. अशा घोड्याच्या छातीतील मर्मर हृदयाचा नसून रक्ताचा असतो आणि पांडुरोग बरा झाला की तो मावळतो. म्हणून मर्मर ऐकू आल्याबरोबर ‘हृदय गेले’ असे मालकाला सांगणे, हा माझ्या मते त्या घोड्यावर अन्यायच आहे.

आवाज कोठे आणि केव्हा येतो, या दोन गोष्टींवर निदानाची भिस्त असते. घोड्याचे हृदय कोपराच्या आड, पुढच्या पायाच्या स्नायूंखाली दडलेले असते. त्यामुळे मोतद्दाराने तो पाय एक पाऊल पुढे घेऊन धरला, तरच स्टेथोस्कोप काखेत पुरेसा आत सरकतो. डाव्या बाजूला तिसऱ्या बरगडीच्या मागच्या फटीत फुफ्फुसधमनीची झडप, चौथ्या फटीत महाधमनीची आणि पाचव्या फटीत, जरा खाली, डाव्या बाजूच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधील द्विदल झडप ऐकू येते. उजव्या कप्प्यांमधील त्रिदल झडपेसाठी उजवी बाजू गाठावी लागते. घाईत अनेकदा उजवी बाजू राहूनच जाते, आणि दोन जवनिकांमधील, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील, पडद्याला जन्मतः असलेले छिद्र नेमके तेथेच सर्वांत मोठ्याने बोलते. गंमत अशी, की हे छिद्र जितके लहान तितका त्याचा आवाज बहुधा मोठा असतो, जसे अर्धवट दाबलेल्या नळाचे पाणी जास्त आवाज करते. मर्मराची तीव्रता १ ते ६ अशा पायऱ्यांत मोजतात. पाचव्या पायरीवर छातीवर ठेवलेल्या तळहाताला थरथर जाणवते. पहिली पायरी ऐकायची तर भोवताली पूर्ण शांतता हवी, आणि इंदुरात ती पहाटेखेरीज मिळणे कठीणच.

वेळेचा मुद्दा अधिक नाजूक आहे. हृदय आकुंचन पावत असताना द्विदल आणि त्रिदल झडपा मिटलेल्या असायला हव्यात. त्या गळत असतील तर मर्मर आकुंचनकाळात येतो. त्रिदल झडपेची थोडीफार गळती शर्यतीच्या घोड्यांमध्ये इतकी सर्रास आढळते, की बहुतेकदा तिची दखल घेऊन पुढे जावे. द्विदल झडपेची गळती मात्र गांभीर्याने घ्यावी लागते. तिच्यामुळे डावी कर्णिका, म्हणजे डावा वरचा कप्पा, फुगत जाते, फुगलेल्या कर्णिकेचे ठोके पूर्णपणे बेताल होण्याचा संभव वाढतो, आणि झडपेला ताणून धरणारा एखादा तंतू अचानक तुटला तर फुफ्फुसांत पाणी भरून घोडा काही तासांत अत्यवस्थ होतो. महाधमनीची झडप याच्या उलट प्रसरणकाळात मिटलेली असते, म्हणून तिच्या गळतीचा मर्मर दुसऱ्या आवाजानंतर सुरू होऊन हळूहळू विरत जातो. कधी तो तंबोऱ्याच्या तारेसारखा सुरेलही असतो. हा प्रामुख्याने उतारवयातील घोड्यांचा विकार आहे. गळती फार असेल तर जबड्याखालच्या धमनीतील नाडी बोटांखाली उसळी मारते आणि लगेच खचते. ही खूण कोणत्याही उपकरणाशिवाय कळते आणि माझ्या लेखी ती फार मोलाची आहे. मर्मराबरोबर ताप आणि वजनातील घट असेल, तर झडपेवर जिवाणूंनी ठाण मांडल्याचा संशय घ्यावा आणि रक्ताचे संवर्धन करून, म्हणजे त्यातील जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून, पाहावे.

कानाने येथवर मजल मारता येते. गळती किती आहे आणि कप्पे फुगले आहेत का, हे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या डॉप्लरसह केलेली सोनोग्राफी सांगते. घोड्याची छाती खोल असल्यामुळे सुमारे तीस सेंटिमीटरपर्यंत पोहोचणारा, कमी कंपनसंख्येचा प्रोब लागतो आणि घोडा उभा असतानाच, शक्यतो गुंगीचे औषध न देता तपासणी करतात. जोडीला श्रम करतानाचा ईसीजी हवा, कारण विश्रांतीत सरळ चालणारे हृदय दौडीत धोकादायक जादा ठोके टाकू शकते. इंदूरजवळ महूला १९५५ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. या भागातील मालकाने शंका आल्यावर किमान तेथे विचारणा तरी करावी.

माणसाप्रमाणे घोड्याची झडप बदलण्याची शस्त्रक्रिया व्यवहारात होत नाही. लघवी वाढवणारी आणि रक्तवाहिन्या सैल करणारी औषधे लक्षणे काही काळ आवरतात, झडप दुरुस्त करत नाहीत. म्हणूनच अमेरिका आणि युरोपमधील तज्ज्ञांनी २०१४ मध्ये दिलेल्या संयुक्त मार्गदर्शनात उपचारांइतकाच भर स्वाराच्या सुरक्षिततेवर आहे. मध्यम किंवा अधिक गळती असलेला घोडा, तपासणीत धोकादायक ठोके आढळले नसतील तर, धोका समजून उमजून पत्करणाऱ्या प्रौढ स्वाराने नियमित तपासण्या करत वापरावा. मुलांसाठी किंवा शिकाऊ स्वारांसाठी नव्हे. हा निकष वरातीला लावून पाहिला तर नवरदेव प्रौढ असतो खरा, पण त्याला घोड्याच्या हृदयाची कल्पना नसते, आणि पुढ्यात बऱ्याचदा एक लहान मुलगाही बसवलेला असतो. घोडा मांडवापर्यंत चालतच जाणार असला तरी फटाक्याने दचकला की त्याचे ठोके क्षणार्धात दुप्पट होऊ शकतात, आणि कोसळला तर गर्दीत कोसळतो.

मालकाकडे सोनोग्राफी नसते, मोतद्दार असतो. त्याने रोज सकाळी दाणा घालण्यापूर्वी जबड्याखालच्या धमनीवर दोन बोटे ठेवून तीस सेकंद नाडी मोजावी, दुप्पट करून वहीत लिहावी, मान उंच असताना मानेची शीर तळाच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर फुगलेली दिसते का आणि छातीखाली सूज आहे का ते पाहावे. एरवी ३६ येणारी नाडी ताप किंवा पोटदुखी नसताना सलग दोन-तीन सकाळी ६० येऊ लागली, तर त्या दिवसाची वरात दुसऱ्या घोड्याला द्यावी आणि डॉक्टरांना फोन करावा.